तीन प्रतींतला घोडा

“मुदतवाढ? मी जिवंत असताना? जावईबापू, ह्या शुक्रवारी मी स्वतः कोर्टात जाऊन घोडा दाखल करतो आणि पुढच्या तारखेला निकाल घेऊन येतो! नाही आणला तर नाव बदलेन!” घोडेवाल्यांनी चहाचा कप बशीत असा आदळला की बशीला तडा गेला.

नाव बदलण्याच्या धमकीत तसा दम नव्हता, कारण त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. लाकडाचे डोलणारे घोडे करायचे म्हणून सगळी आळी त्यांना घोडेवाले म्हणायची. पोस्टमन म्हणायचा, दूधवाला म्हणायचा, आणि फार चिडल्या की त्यांच्या मंडळीसुद्धा “अहो घोडेवाले!” अशीच हाक मारायच्या. घोडे मात्र नामी होते हं! मान ताठ, डोळे बोलके, आणि पोर मागे कलंडू नये म्हणून पाठीला टेकू नि दोन बाजूंना दोन हात. हा टेकूच शेवटी गळ्याशी आला.

झालं होतं असं. कर खात्याचे एक साहेब तपासणीला आले. घोड्याभोवती चार चकरा मारल्या आणि म्हणाले, “पाठ आहे. हात आहेत. बसता येतं. म्हणजे ही खुर्ची झाली. खुर्ची म्हणजे फर्निचर, आणि फर्निचरचा कर वेगळा!”

“अहो साहेब, तोंड बघा की त्याचं! शेपूट बघा! कुठल्या खुर्चीला शेपूट असतं?”

“ते शोभेचं,” साहेब म्हणाले, आणि घोडा हे खेळणं की फर्निचर याचा निकाल लागेपर्यंत गोदामाला सील ठोकून चालते झाले. आत तयार घोडे, आत लाकूड, आत मोठी हत्यारं, आणि बाहेर घोडेवाले!

त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. ज्या माणसाने जन्मात कधी हातावर हात ठेवून दिवस काढला नाही त्याची काय गत होते, ते त्यांच्या घरी जाऊन बघावं. न मोडलेल्या वस्तू दुरुस्त करून झाल्या होत्या. पाट सपाट करून करून पुठ्ठ्याएवढे पातळ झाले होते. रोज सकाळी ते गोदामापर्यंत जात, बंद दाराकडे बघत उभे राहत आणि परत येत. परत येतानाचं त्यांचं तोंड बघवत नसे. त्यांना पैशांची एवढी पर्वा नव्हती; पुन्हा रंधा धरायला मिळतो की नाही, हीच धास्ती होती.

आता तुम्ही म्हणाल, दुसरा वकील का नाही केला? इथेच तर घोडं पेंड खात होतं! वकील होता सख्खा जावई. आणि जावयाला काढून टाकायची सोय कुठल्याच कायद्यात नाही.

जावईबापू माणूस म्हणून सोन्यासारखे, पण वकील म्हणून त्यांना एकच विद्या येत होती, ती म्हणजे पुढची तारीख घेणं. “बाबा, जी केस चालत नाही ती हरता येत नाही,” हे त्यांचं ब्रह्मवाक्य! आमचं म्हणणं तयार आहे पण टाइप व्हायचंय, टाइप झालंय पण तपासायचंय, तपासलंय पण सापडत नाही, अशी एकेक तारीख ते सफाईने काढत. समोरच्या सरकारी वकीलबाईही काही कमी नव्हत्या. त्यांची मान तरी आखडायची, नाहीतर फाइल तरी वरच्या ऑफिसात अडकायची. दोन्ही बाजू चुकून हजर असल्या तर कोर्टातला पंखा बिघडायचा.

दुसरा कुणी वकील असता तर घोडेवाल्यांनी त्याची सालटी काढली असती. पण जावयापुढे? त्यांचं सगळ्यात कडक वाक्य असं असे, “जावईबापू, जरा लवकर झालं तर बरं होईल.” तेही भिंतीकडे बघून! आणि तेवढ्यावरसुद्धा आतून मंडळी डोळे वटारून बघत, कारण लेकीचा संसार होता तिथे.

तर त्या बुधवारी जावईबापू चहाला आले आणि बिस्किट बुडवता बुडवता म्हणाले, “बाबा, कोर्टाने शेवटची संधी दिलीय. नमुना म्हणून एक घोडा शुक्रवारी पाचच्या आत दाखल करायचा. नाही केला तर केस काढून टाकणार आणि सील कायम.”

“मग?”

“मग काय, मुदतवाढीचा अर्ज टाइप करायला दिलाय.”

आणि बशीला तडा गेला तो तेव्हा!

एक घोडा सुदैवाने गोदामाबाहेर होता. तो गोदामाच्या बंद दारावर पाटीसारखा टांगलेला असायचा. वाऱ्यापावसाने रंग विटला होता, डावा कान कुठल्याशा ट्रकने उडवला होता, पण घोडा तो घोडाच! घोडेवाल्यांनी तो उतरवला, रिक्षात घातला, आणि मान बाहेर काढून बसलेल्या त्या घोड्यासह ते तडक कर-कोर्टाच्या दाखल-खिडकीवर जाऊन थडकले. येणाऱ्याजाणाऱ्यांनी माना वळवून बघितलं, ते ह्यांना आवडलं.

खिडकीच्या आत एक भाऊसाहेब होते. बाहेरून त्यांचा नाकाच्या वरचाच भाग दिसायचा.

“काय दाखल करायचंय?” भाऊसाहेबांनी मान वर न करता विचारलं.

“घोडा.”

“तीन प्रतींत आणलाय?”

घोडेवाल्यांना वाटलं ऐकू गेलं नसेल. “भाऊसाहेब, कागद नाही, घोडा आहे! लाकडाचा!”

“असेल. इथे दाखल होणारी प्रत्येक गोष्ट तीन प्रतींत लागते. एक कोर्टाला, एक समोरच्या बाजूला, एक तुम्हाला पोच म्हणून. नियमात घोड्याला सूट दिलेली नाही.”

“अहो पण—”

“आणि प्रती मुळाबरहुकूम हव्यात. ह्याचा डावा कान तुटलाय, तर प्रतींचाही तुटलेला हवा. नाहीतर समोरचे म्हणतील कोर्टाची दिशाभूल केली!”

“माझ्या हाताने केलेल्या कोऱ्या घोड्याचा कान मी तोडू?” घोडेवाल्यांचा आवाज चिरकला.

“त्यावर ‘खरी प्रत’ असा शिक्का आणि वकिलांची सही. पान क्रमांकही घाला.”

“ह्याला पानं कुठेत? चार पाय आहेत फक्त!”

“मग एक ते चार घाला.”

“आणि सही कुठे करायची?”

भाऊसाहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली, घोड्याकडे नीट बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, “साधारणपणे मागच्या बाजूला करतात.”

घोडा घेऊन घोडेवाले घरी आले. शुक्रवार परवावर आलेला, दोन घोडे करायचे, आणि लाकडाचा कण हाताशी नाही, कारण लाकूड सगळं सीलबंद! ते घरभर फिरले. कपाट बघितलं, ते आतून पोकळ निघालं. पलंगावर ठोकून बघितलं, त्यालाही दम नव्हता. आणि मग त्यांची नजर जेवणाच्या टेबलावर गेली.

आठ माणसं आरामात जेवतील असं टेबल! सागवानी! मंडळी भावाकडे गेलेल्या. घोडेवाल्यांनी टेबलावरून एकदा मायेने हात फिरवला, “माफ कर बाबा” म्हणाले, आणि करवत लावली.

पुढच्या दिवसभरात त्या घरात जे चाललं ते वर्णन करणं अवघड आहे. भुसा, ढलप्या, ठाकठोक, आणि मधूनच शीळ! हो, शीळ! तीन वर्षांनी शीळ वाजली हो! माणूस मिशीत भुसा अडकवून, कंबर मोडून काम करत होता, आणि लग्नाच्या दिवशी नसेल इतका खूश दिसत होता. एकेक सांधा असा बसवला की मध्ये केस घालायला जागा नाही.

संध्याकाळी मंडळी परत आल्या. दारातच थबकल्या.

“अहो, टेबल कुठाय?”

“कोर्टात जायचंय.”

“टेबल कोर्टात कशाला जाईल?”

“टेबल नाही, घोडा. म्हणजे आता घोडा आहे तो. दोन आहेत. अगं, डोळे तर बघ कसे उतरलेत!”

मंडळींनी पिशवी खाली ठेवली. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत तेव्हा शेजारच्या घरापर्यंत ऐकू जातं. तेवढ्यात जावईबापू शिक्का घेऊन हजर झाले.

“आता जावयाला ताट कुठे वाढू? ओट्यावर?” मंडळी कडाडल्या. “उभ्याने जेवू दे त्यांना? कुणाला कळलं तर काय म्हणतील?”

“आई, मला चालतं—”

“तुम्ही गप्प बसा जावईबापू! तुमच्याच तारखांनी खाल्लं माझं टेबल!”

जे घोडेवाल्यांना तीन वर्षांत भिंतीकडे बघूनसुद्धा बोलता आलं नव्हतं, ते मंडळी समोरासमोर बोलून मोकळ्या झाल्या! जावईबापूंचे कान लाल झाले. मंडळींनीही जीभ चावली, पण बाण सुटला होता.

राहता राहिले कान. घोडेवाल्यांनी हातोडी उचलली, कानावर धरली आणि परत ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. “नाही जमत गं,” ते अगदी रडवेले होऊन म्हणाले. “मघाशीच तासलाय मी तो कान. किती सुबक आलाय बघ!”

“आणा इकडे!” मंडळींनी हातोडी हिसकावली. ठप्प! ठप्प! दोन घावांत दोन कान! आणि खरं सांगायचं तर टेबलाचं निम्मं दुःख तिथेच निघून गेलं.

शुक्रवारी तीन घोडे ओळीने खिडकीपाशी उभे राहिले. पायांवर एक ते चार आकडे, मागच्या बाजूला ‘खरी प्रत’चा शिक्का आणि जावईबापूंची झोकदार सही. भाऊसाहेब बाहेर आले, तिन्ही घोड्यांचे कान तपासले, पुन्हा आत गेले आणि धाडदिशी पोचेचा शिक्का मारला.

“बघितलंत जावईबापू? मुदतीच्या आत!” घोडेवाले छाती काढून म्हणाले.

जावईबापूंच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. त्यांना जरा गरगरल्यासारखं झालं आणि बाकावर बसावं लागलं.

मूळ घोडा कोर्टात राहिला, दुसरी प्रत सरकारी वकीलबाईंच्या गाडीच्या टपावर बांधून गेली, तिसरी पोच म्हणून घरी आली. आता काय, पुढच्या तारखेला निकाल! घोडेवाल्यांनी पटाशीला धारसुद्धा लावून ठेवली.

पुढच्या तारखेला सरकारी वकीलबाई उभ्या राहिल्या. “साहेब, प्रतीचा अभ्यास चालू आहे. मुदत मिळावी.”

मिळाली! त्याच्या पुढच्या तारखेला त्या म्हणाल्या, “साहेब, अभ्यास बराच खोल गेला आहे.” पुन्हा मिळाली! आणि तिसऱ्या वेळी तर कमालच झाली. “साहेब, प्रत सध्या हलवता येण्याच्या परिस्थितीत नाही.”

“आजारी पडला का काय घोडा?” घोडेवाले पुटपुटले.

त्या दिवशी कोर्ट उठल्यावर जिन्यापाशी कुणीतरी हळूच “अहो, शुक शुक!” केलं. बघतात तर सरकारी वकीलबाई! इकडेतिकडे बघत त्या म्हणाल्या, “जरा एक विचारायचं होतं. केसचं नाही हं! तो करकर वाजतो हो. तेल घालू का?”

“कोण वाजतो?”

“प्रत क्रमांक दोन.”

घोडेवाल्यांच्या अंगातला सुतार खडबडून जागा झाला. “तेल अजिबात नको! मेण लावा. खालच्या वाकड्या पट्टीला साधी मेणबत्ती घासायची. पण इतक्यात वाजायला नको होता. दिवसातून कितीदा डोलवता?”

“कितीदा? सकाळी बसते ती झोपेपर्यंत उतरत नाही आमची नात! जेवण त्याच्यावर, अभ्यास त्याच्यावर! कोर्टात न्यायचा म्हटलं की भोकाड पसरते, म्हणून तर मुदत—” आणि वकीलबाईंनी तोंडावर हात ठेवला.

घोडेवाले मेण कुठलं चांगलं ते सांगतच होते. दोन पायऱ्या उतरल्यावर त्यांच्या डोक्यात उजेड पडला. सरकारच्याच वकिलाच्या घरात, सरकारच्याच प्रतीवर, पोर दिवसभर खेळतंय! मग खेळणंच की हो ते! ते वयाला न शोभेल असे धावत जावईबापूंकडे गेले.

सगळं ऐकून जावईबापू उभे राहिले. मंडळींचं ते टेबलाचं वाक्य अजून त्यांच्या मनात सलत असावं. ते म्हणाले, “बाबा, ह्या वेळी मी मुदत मागणार नाही.”

हे ऐकून घोडेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी दिल्याचं सार्थक झालं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

सुनावणीचा दिवस उजाडला. तिन्ही प्रती हजर ठेवा, असा कोर्टाचा हुकूम होता. घोडेवाले, मंडळी आणि प्रत क्रमांक तीन वेळेआधीच जाऊन बसले. सरकारी वकीलबाई आल्या त्या चक्क हसत हसत!

न्यायाधीश साहेब स्थानापन्न झाले. सवयीने त्यांनी पेन उघडलं आणि पुढच्या महिन्याचं पान काढलं. “बोला, कुणाला मुदत हवीय?”

“कुणालाही नको. आम्ही तयार आहोत,” जावईबापू म्हणाले.

“आम्हीही तयार आहोत,” वकीलबाई म्हणाल्या.

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. त्यांनी शिपायाकडे बघितलं, शिपायाने पंख्याकडे बघितलं. पंखाही नेमका चालू! “दोघंही तयार?” साहेबांनी पुन्हा विचारून घेतलं, चष्मा शोधला, आणि फाइलवरची धूळ फुंकल्यावर त्यांनाच शिंका आल्या. तोवर बातमी पसरली होती. केस चालते तरी कशी ते बघायला शेजारच्या दालनांतले वकील दारात गोळा झाले.

“साहेब, प्रत क्रमांक दोन आत आणावी!” जावईबापूंनी आवाज लावला.

दोन शिपाई घोडा उचलून आत आले. घोड्यावर पाच-सहा वर्षांची एक मुलगी त्याचे दोन्ही हात घट्ट धरून बसलेली. उतरायला तयारच नव्हती, म्हणून तिच्यासकट आणलेली!

“बाळ, हे काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“तुम्हाला घोडा माहीत नाही?” मुलीने आश्चर्याने विचारलं.

हशा पिकला. “ऐकलंत साहेब?” जावईबापू गरजले. “प्रत्यक्ष सरकारी वकिलांची नात म्हणते घोडा!”

“माझी हरकत आहे!” वकीलबाई ताडकन उठल्या. “नातीचं म्हणणं मुदतीत दाखल झालेलं नाही! आणि साहेब, आता मूळ प्रत मागवावी.”

शिपाई गेला आणि हात हलवत परत आला. “साहेब, मूळ प्रतीवर खिडकीतले भाऊसाहेब बसलेत. म्हणतात, रांग संपल्याशिवाय उठता येणार नाही.”

घोडेवाले जागच्या जागी थिजले. थोड्या वेळाने भाऊसाहेब आले. त्यांच्या मागोमाग मूळ प्रत आली, तिच्यावर चौकडीची उशी अजून तशीच होती.

“तुम्ही ह्याच्यावर बसता?” साहेबांनी विचारलं.

“काय करणार साहेब? खुर्ची मोडली. नवीन खुर्चीचा अर्ज केलाय, वर मंजुरीला गेलाय. ह्याच्यावर बसल्यापासून कंबरदुखी मात्र पार गेली हो!”

“टेकू कसा आहे?” घोडेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं.

“एक नंबर! लोक रांगेत भांडत असतात, आपण आपलं डोलत राहायचं.”

“घ्या!” वकीलबाईंनी टाळी वाजवली. “कोर्टाचाच माणूस, कोर्टाच्याच वेळेत, उशी घालून बसतो! फर्निचर नाही तर काय?”

घोडेवाल्यांना हसावं की रडावं कळेना. कारागीर म्हणून अंगावर मूठभर मांस चढलं होतं, आणि गोदाम मात्र कायमचं हातचं जाताना दिसत होतं. मंडळी त्यांच्या कानाशी लागल्या, “मीसुद्धा भाजी निवडायला तिसऱ्या प्रतीवरच बसते, टेबल नाही म्हणून. सांगू का?”

“तोंड उघडू नकोस!” घोडेवाले कळवळले.

साहेबांनी एकदा मुलीकडे बघितलं, एकदा उशीकडे. दोन्ही बाजूंचा पुरावा तोडीस तोड! त्यांनी कपाळ चोळलं. “थांबा. मला पहिल्यापासून समजून घेऊ द्या. हे सील लावलं केव्हा?”

“तीन वर्षं होत आली, साहेब,” वकीलबाई म्हणाल्या.

“तात्पुरतं सील सहा महिन्यांचं असतं. पुढे त्याला मुदतवाढ घेतली असेल ना?”

“अर्थातच, साहेब,” वकीलबाई म्हणाल्या आणि मागे बसलेल्या कर खात्याच्या साहेबांकडे वळून बघू लागल्या. खात्याचे साहेब आपल्या बॅगेत बघू लागले. बॅगेत काही नव्हतं, म्हणून त्यांनी छताकडे बघितलं. मुलगी तेवढी करकर डोलत होती.

“ती... मागायची राहिली, साहेब,” शेवटी वकीलबाई म्हणाल्या.

ऐकलंत ना! ह्या प्रकरणात म्हणण्याला मुदतवाढ मागून झाली होती, अभ्यासाला मागून झाली होती, मान आखडल्याबद्दल मागून झाली होती. फक्त सीलला मागायची राहिली होती! आणि मुदतीतच हयात घालवलेल्या जावईबापूंनाही तीन वर्षांत हे विचारायचं सुचलं नव्हतं. ते खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

“म्हणजे सील पहिल्याच वर्षी संपलं,” साहेब म्हणाले. “खेळणं की फर्निचर ते सावकाश ठरवू, त्याची घाई नाही. पण गोदामावर आजच्या घडीला कसलंही बंधन नाही. घोडेवाले, जा आणि आपलं काम सुरू करा!”

दारातल्या वकिलांनी टाळ्या वाजवल्या. मंडळींनी पदर डोळ्यांना लावला. घोडेवाले नुसते उभे. त्यांच्या हाताची बोटं आपोआप वळली होती, रंधा धरल्यासारखी. बोलायचं खूप होतं, पण “साहेब... साहेब...” एवढंच तोंडून निघत होतं. चला, घोडं एकदाचं गंगेत न्हालं!

फाइल मिटता मिटता साहेब थांबले. “एक मात्र मला कळत नाही. तात्पुरत्या सीलचा कागद मुद्दाम कच्च्या खळीने लावतात. सहा-आठ महिन्यांत तो आपोआप गळून पडतो, की माणसाला कळतं मुदत संपली. तुमचा कसा नाही पडला?”

“पडला होता की साहेब!” घोडेवाले अभिमानाने म्हणाले. “दोनदा पडला! म्हटलं, सरकारी कागद असा पायदळी यायला नको. दाराची फळी घासून घेतली, सरस उकळला, आणि मीच परत चिकटवला. आमचं काम म्हणजे काय साहेब, आता दार मोडेल पण तो कागद निघायचा नाही!”

मंडळींनी कपाळावर हात मारला. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ते घोडेवाल्यांकडे नुसते बघत राहिले.

घोडेवाल्यांचा शब्द मात्र खोटा ठरला नाही. दुसऱ्या दिवशी आख्खी आळी जमली, गरम पाणी झालं, पटाशी झाली, जावईबापूंची नखं झाली, आणि शेवटी दारच मोडावं लागलं.